अडीच फुटांची गावं

वडील रेल्वेत मालबाबू असले की मुलांचा भूगोल रुळांवरून पक्का होतो. आमच्या घरी कुर्डुवाडी म्हणजे अडीच फूट आणि साडेपाच फूट. मिरज म्हणजे ही दोन्ही आणि वर एक मीटर. बदलीची ऑर्डर आली की आई आधी विचारायची, "तिथं नळाला पाणी येतं का?" आम्ही भावंडं विचारायचो, "तिथं गेज कुठलं?"

कुर्डुवाडीचं क्वार्टर यार्डाला लागूनच होतं. मुंबई-मद्रास मोठी लाइन टाकताना जीआयपी रेल्वे कंपनीने बार्शीला बगल दिली, आणि कापसाची एवढी मोठी पेठ रुळापासून 21 मैल लांब पडली. जवळच्या स्टेशनाला नाव मात्र दिलं ‘बार्शी रोड’. तेच आजचं कुर्डुवाडी. हे अंतर जोडायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये अडीच फुटी लाइन सुरू केली, तीच ‘बार्शी लाइट’. हलके रूळ, पण इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावर सारखाच, जास्तीत जास्त पाच टन भार, हा त्याचा हिशेब. स्वस्तात जास्त माल वाहायची ही युक्ती पुढे इतर देशांतल्या छोट्या गाड्यांनीही उचलली. (याच गृहस्थाने नंतर विमानातून उडी मारायची हवाई छत्री तयार केली. बार्शी लाइट आणि पॅराशूट, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली!) लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली.

गेज बदललं की माल उतरवायचा. वडिलांची, म्हणजे अण्णांची, नोकरी चालायची ती या अडचणीवरच. एका बाजूला मोठ्या लाइनचा डबा, दुसऱ्या बाजूला बुटका डबा, मध्ये फलाट. हमाल पोत्याला हूक मारायचे, पाठीवर घ्यायचे आणि फळीवरून पलीकडे जायचे. तूर, करडई, शेंग, सरकी. हुकाने पोतं फाटलं की तुरीची धार लागायची. अण्णा कानावरची पेन्सिल काढून नोंद करायचे आणि खराटा घेऊन बसलेल्या बायका पुढे सरकायच्या. सांडलेला दाणा कुणाचा, यावर रोज भांडण. अण्णा घरी यायचे तेव्हा शर्टाला तागाचं तूस चिकटलेलं असायचं. आई ते शर्ट आमच्या कपड्यांत कधी भिजवत नसे.

चालत्या बार्शी लाइटमधून उतरून, ऊस मोडून घेऊन परत चढता यायचं, असं सगळेच सांगतात. मी तसं करताना कुणाला पाहिलेलं नाही. पाहिली ती आषाढीची गर्दी: टपावर माणसं, दारात माणसं, आणि टाळ मात्र चालूच.

मिरजेला गेलो तेव्हा पुण्याकडचा मार्ग नुकताच ब्रॉडगेज झाला होता. बेळगाव-लोंढ्याकडे, म्हणजे गोव्याकडे, मीटरगेज जायची. पंढरपूरकडे आपली जुनी नॅरोगेज. तिन्ही गेज एका स्टेशनात, त्यामुळे मिरजेला प्रत्येकजण गाडी बदलायलाच आलेला. झोपलेली पोरं खांद्यावर, वळकट्या हमालाच्या डोक्यावर. गावात सतारी-तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडलेले असत. आम्ही दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याला जायचो. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. 1937 मध्ये मद्रासकडच्या प्रवासात तब्येत बिघडली म्हणून ते सिंगपेरुमलकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच फलाटावर गेले. अण्णांना सुरातलं काही कळत नसे, पण ही हकिकत ते वारंवार सांगत. मोठा माणूस फलाटावर गेला, याचा त्यांना रेल्वेवाला म्हणून काहीतरी हक्क वाटत असावा.

या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत लातूर ते मिरज सगळी लाइन रुंद झाली. हळहळ करणारे लेख तेव्हा पुष्कळ आले. माझा सूर त्यात मिसळत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूर कोरडं पडलं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन पन्नास टन. चार आसांवर वाटलं तरी प्रत्येकावर साडेबारा टन, वाघिणीचं स्वतःचं वजन वेगळंच. कॅलथ्रॉपच्या पाच टनी रुळांनी हे पेललं नसतं. शिवाय या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून आल्या होत्या. अडीच फुटी रूळ असते तर त्या मिरजेच्या यार्डातच उभ्या राहिल्या असत्या.

छोट्या गाडीची हौसच असेल तर माथेरान आहे. नेरळहून 1907 पासून दोन फुटी रुळांवर गाडी चढते. आमच्या बार्शी लाइटपेक्षाही अर्ध्या फुटाने अरुंद. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद असतो, तेव्हा अमन लॉजपर्यंत टॅक्सीने जावं आणि तिथून पुढे गाडी धरावी. शनिवार-रविवार मात्र टाळावा.