जबलपुरात घर घेताना हे शब्द माहीत हवेत

जबलपुरात प्लॉट किंवा फ्लॅट घेताय? महाराष्ट्रातल्या ओळखीच्या कागदांना मध्य प्रदेशात वेगळी नावे आहेत.

खसरा : आपल्या सातबाऱ्यासारखी जमिनीची सरकारी नोंद. विकणाऱ्याचे नाव आधी यात पाहा.

डायवर्शन : शेतजमिनीचा वापर घरासाठी बदलून घेणे, म्हणजेच आपले ‘एन.ए.’. स्वस्त प्लॉट दिसला की हे झाले आहे का, ते आधी विचारा.

रजिस्ट्री : नोंदणी केलेले खरेदीखत.

नामांतरण : आपला फेरफार. अनेकजण रजिस्ट्री करून निश्चिंत होतात. पण नामांतरण होईपर्यंत महसुली नोंदीत जुन्याच मालकाचे नाव राहते.

कार्पेट एरिया : घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. आतल्या भिंती यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटाही मिळवलेला असतो, म्हणून तो आकडा मोठा दिसतो.

रेरा : 2016 चा कायदा. रेरात नोंदलेल्या प्रकल्पात लेखी करार करून तो नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

बयाणा देण्यापूर्वी हे कागद वकिलाकडून तपासून घ्या.