जुन्या ट्रॉम्बोनमध्ये नवा माउथपीस का डुगडुगतो?

ट्रॉम्बोनच्या माउथपीसची दांडी मुख्यतः दोन मापांत मिळते : लहान, सुमारे १२.७ मिलिमीटर आणि मोठी, सुमारे १४ मिलिमीटर. मात्र जाडी जुळली तरी निमुळता उतार जुळेलच असे नाही. अमेरिकेतील एल्कहार्टमध्ये बनलेल्या जुन्या 'कॉन ८८एच'ला वेगळ्या, 'रेमिंग्टन' उताराची दांडी लागते. नेहमीची मोठी दांडी त्यात एकाच ठिकाणी टेकते, म्हणून डुगडुगते आणि हवा गळू शकते.

कसे तपासाल? माउथपीस जोर न लावता आत सरकवा. साधारण अडीच सेंटिमीटर आत जाऊन तो घट्ट बसला पाहिजे. हलवून पाहा. बसत नसेल तर ठोकू नका, ट्रॉम्बोनची नळीही घासू नका. दांडी लेथवर उतरवून घेता येते, माउथपीस दुसरा मिळतो. जुनी नळी मात्र पुन्हा मिळणे कठीण.