पेढे वाटण्याआधी गाडी पाहून घ्या

मैत्रिणींनो, घरात नवी गाडी यायची म्हटलं की आपली तयारी कुठून सुरू होते? निरांजन, हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार, चाकाखाली ठेवायला लिंबं. पेढ्यांचा बॉक्स अर्ध्या किलोचा घ्यायचा की किलोचा, यावरही चर्चा होते. गाडीची तयारी ही शोरूमवाल्यांची जबाबदारी, त्यात आपण काय पाहायचं, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते, आणि माझ्या चांगल्या इरकलीचा पदर त्यात गेला.

२०२१ च्या दसऱ्याची गोष्ट. ह्यांनी सव्वाशे सीसीची मोटारसायकल घेतली. मुहूर्त सकाळचा होता, पण शोरूमवर ही झुंबड! एकेका गाडीला हार पडत होता, फोटो निघत होते, किल्ली हातात दिली जात होती, की लगेच पुढचं गिऱ्हाईक. आमची गाडी मागच्या शेडमधून आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. एक पोरगा घाम पुसत तिला फडकं मारत होता. आम्ही पूजा केली, फोटो काढला आणि विश्रामबागेतून थेट सांगलीच्या गणपती मंदिराकडे निघालो. दोन किलोमीटर गेलो असू. एका स्पीडब्रेकरवर मागून 'खडखड' असा आवाज आला आणि दुसऱ्याच क्षणी कुणीतरी खांद्याला धरून मागे ओढावं तशी मी ओढली गेले. "अहो, थांबा, थांबा!" एवढंच तोंडातून निघालं.

गर्दीमुळे वेग कमी होता म्हणून निभावलं. उतरून पाहिलं तर साडी गार्ड, म्हणजे मागच्या चाकावर डाव्या बाजूला असते ती जाळी, एका सैल बोल्टावर लोंबकळत होती. बाकीचे बोल्ट पडले होते की लावलेच नव्हते, देव जाणे. जाळी आत वळून चाकाला टेकली होती आणि पदराचं टोक तिच्यातून चाकात गेलं होतं. पदर वीतभर फाटला. रफू करून घेतलाय, पण तो दिसतोच. साडीचं दुःख आहेच. पण त्या जागी वेग जास्त असता तर काय झालं असतं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शोरूमवर जाऊन तक्रार केली. बोल्ट मिळाले, "सॉरी सर" मिळालं. तो फडकं मारणारा पोरगा हळूच म्हणाला, "काका, परवा रात्री दोनपर्यंत गाड्या जोडत होतो." मी त्या पोराला दोष देत नाही. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गाडी शोरूमवर 'जोडतात'. तोवर माझी समजूत, गाडी कारखान्यातून निघते ती थेट रस्त्यावर चालवायच्याच तयारीत.

तसं ते नसतं. कारखान्यातून मोटारसायकली मोठ्या बंद ट्रकमधून येतात, दाटीवाटीने, पट्ट्यांनी आवळून. आरसे, साडी गार्ड, पुढचा लेग गार्ड, असल्या बाहेर येणाऱ्या वस्तू काढलेल्या किंवा वेगळ्या बांधलेल्या असतात. बॅटरीच्या तारा बऱ्याचदा सोडवलेल्या असतात, टाकीत पेट्रोल नावापुरतं. आपल्या चाकणहून, वाळूजहून ज्या गाड्या आफ्रिकेत जातात त्यांतल्या कित्येक तर सुट्या भागांच्या पेट्यांतून जातात आणि तिकडे जोडल्या जातात. आपल्याकडे येणारी गाडी इतकी सुटी नसते एवढंच. शिलाई मशीन घेतलं की टेबल वेगळं, मशीनचं डोकं वेगळं, पट्टा वेगळा येतो आणि दुकानचा माणूस घरी येऊन सगळं बसवून, तेल घालून, दोन टिपा मारून दाखवतो ना? तसंच इथे. फक्त मशीनवर बसून कुणी हायवेला जात नाही.

या कामाला शोरूमवाले 'पीडीआय' म्हणतात, म्हणजे गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधीची तपासणी. त्याचा छापील फॉर्म असतो, एकेका कामापुढे खूण करायची आणि खाली मिस्त्रीची सही. आमच्या गाडीचा फॉर्म नंतर मी मागून पाहिला. सगळ्या खुणा अगदी व्यवस्थित होत्या, साडी गार्डपुढेसुद्धा!

२०२४ च्या पाडव्याला धाकट्या नणंदेकडे मोटारसायकल घ्यायची ठरली, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की गाडी पाडव्याला घरी आणा, पण जोडून घ्या दोन दिवस आधी. सासूबाई काही बोलतील अशी धास्ती होती. पण त्या म्हणाल्या, "मुहूर्त गाडी दारात येण्याचा असतो गं, पाना फिरवायचा नसतो." प्रश्नच मिटला. शोरूमच्या मॅनेजरला आम्ही विनंती केली की आमच्यासमोर तपासणी करा. तो थोडा कुरकुरला, पण आडवारी सकाळी गर्दी नव्हती, त्याने एक जुना मिस्त्री दिला. नणंद आणि मी स्टुलावर बसून दीड तास पाहत होतो. तेवढा वेळ भाजी निवडण्यात गेला असता, तो इथे सत्कारणी लागला.

मिस्त्रीने आधी प्लॅस्टिक काढून उजेडात गाडीभोवती एक फेरी मारली. ट्रकमध्ये घासून टाकीला पोचा पडतो, ब्रेकची दांडी वाकते, ते आत्ताच पाहायचं. एकदा गाडी घरी गेली की "तुमच्याकडूनच पडली असेल" हे ऐकावं लागतं. मग बॅटरी. पूर्वी बॅटरी कोरडी यायची आणि दुकानात तिच्यात आम्ल भरून चार्ज करावी लागायची. आता बहुतेक बंद डब्याची असते. तरी ती गोदामात पडून उतरते. त्याने मीटर लावून दाखवला, साडेबारा व्होल्टच्या वर होती. कमी असती तर चार्ज करूनच बसवायची. तारा जोडताना आधी लाल, मग काळी, आणि टोकांना थोडं व्हॅसलिन, म्हणजे गंजत नाहीत.

इंजिन ऑइल पाहताना गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीत ते कमी-जास्त दिसतं. आपण मापातलं तेल वाटी कलती धरून पाहतो का? तसंच.

चेनपाशी मिस्त्री बराच वेळ रेंगाळला. चेन फार ताणली तर आवाज करते आणि लवकर झिजते, सैल राहिली तर उडते. मधोमध बोटाने वरखाली केली की साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलावी. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. चेन ताणायच्या खुणा मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असतात, त्या सारख्याच घरावर हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. नंतर चाकाचा मुख्य नट त्याने लांब दांडीच्या पान्याने आवळला. तो ठरावीक जोर झाला की 'कट' असा आवाज करतो. हाताच्या अंदाजाने आवळलेला नट आणि या पान्याने आवळलेला नट यांत फरक असतो, असं तो म्हणाला. आमच्या साडी गार्डच्या नशिबी दोन्ही नव्हते.

ब्रेकचं मात्र मीच विचारलं. पुढे डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या छोट्या डबीत ब्रेक ऑइल दोन रेघांच्या मध्ये हवं. दांडी दाबली की घट्ट लागली पाहिजे. स्पंजासारखी मऊ लागत असेल तर आत हवा आहे असं समजा आणि गाडी घेऊ नका. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागेल, अशी सोय किंवा त्याहून वरची एबीएस असलीच पाहिजे, असा नियम आला. म्हणून पायाचा ब्रेकही नीट जुळवलेला हवा. मागचा लाल दिवा हाताच्या आणि पायाच्या, दोन्ही ब्रेकांनी लागतो का ते वेगवेगळं पाहा. हे पाहायला दोन माणसं लागतात, एकीने ब्रेक दाबायचा, दुसरीने मागे उभं राहायचं. नणंद-भावजयींना छान जमतं.

आणखी एक युक्ती त्याने दाखवली, ती मला फार आवडली. इंजिन चालू ठेवून, गिअर न टाकता, हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवायचं. इंजिनाचा आवाज बदलता कामा नये. वाढला तर एखादी केबल ताणली जाते आहे किंवा चुकीच्या बाजूने गेली आहे. म्हणजे वळणावर गाडी आपोआप जोर धरणार! हे तर शाळकरी मुलालाही तपासता येईल.

हवेचं प्रकरण सोपं असूनही सगळ्यात जास्त दुर्लक्षित. आमच्या पहिल्या गाडीच्या दोन्ही चाकांत हवा ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होती, हे पुढे पंपावर कळलं. गाडी इतकी का उडते म्हणून आम्ही आठवडाभर रस्त्यालाच नावं ठेवत होतो. किती हवा हवी त्याचा स्टिकर बहुतेक चेनच्या झाकणाजवळ असतो. मागच्या चाकाचे आकडे दोन असतात, एकट्यासाठी वेगळा आणि मागे कुणी बसणार असेल तर जास्त. 'मागे कुणी' म्हणजे आपणच, तेव्हा दुसरा आकडा सांगायला विसरू नका.

आता आपल्या जागेकडे वळू. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून किमान निम्मं चाक झाकणारं संरक्षण, या तीन गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये लिहिलेल्या आहेत. साडी गार्ड म्हणजे शोरूमवाल्याने मेहेरबानी म्हणून किंवा 'अॅक्सेसरी' म्हणून लावायची वस्तू नाही. दोन हातांनी धरून ती जोरात हलवून पाहा. वाजली तर बोल्ट दाखवायला सांगा. शिवाय नव्या दुचाकीबरोबर प्रमाणित हेल्मेट द्यायचा नियमही त्याच नियमावलीत आहे. न मागता मिळालं तर उत्तमच, नाहीतर आठवण करा. दुसरं हेल्मेट आपलं आपण घ्यावं. केस विसकटतात हे खरं, पण त्याला माझ्याकडे उपाय नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. गाडीवर ठोकलेला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर बिलावर व विम्यावर तोच आहे ना, हे आकडा-आकडा वाचून पाहा. एकीने वाचायचं, दुसरीने ताडून पाहायचं. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही असतं. तात्पुरती का होईना, नोंदणी झाल्याशिवाय शोरूमने गाडी ताब्यात द्यायची नसते. "नंबर मागाहून येईल, घेऊन जा" म्हणाले तरी भुलू नका.

पूजेबद्दलही दोन शब्द, कारण तो आपला प्रांत. हार लांब असेल तर तो पुढच्या चाकात किंवा हँडलच्या केबलींत अडकतो. फोटो झाला की काढून घरच्या देवाला घाला. निरांजन ओवाळताना तेलाचा थेंब ब्रेकच्या चकतीवर किंवा टायरवर पडू देऊ नका, तिथे तेल म्हणजे ब्रेक घसरलाच. आणि कुंकवाचं स्वस्तिक टाकीवर रात्रभर राहिलं तर डाग पडतो. आमच्या टाकीवर तो अजून आहे, सासूबाईंना तो शुभ वाटतो ही गोष्ट निराळी.

शोरूमहून निघालात की आधी पेट्रोल पंप, मग देऊळ. २०२० पासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोलचा छोटा पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला तरच गार राहतो, त्यामुळे टाकी रिकामी होईपर्यंत चालवण्याची जुनी सवय सोडायला हवी. नवे टायर गुळगुळीत असतात आणि नवे ब्रेकही पहिले काही दिवस पुरते पकडत नाहीत. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर आणि ओल्या रस्त्यावर सावकाश जायचं. ह्यांना ते सांगण्याची पद्धत तुमची तुम्हाला ठाऊक आहेच.

नणंदेची गाडी पाडव्याला सकाळी नऊच्या मुहूर्तावर दारात आली. दोन दिवस आधी तपासताना तिच्याही साडी गार्डचा एक बोल्ट वॉशरशिवाय बसवलेला सापडला होता, तो मिस्त्रीने निमूटपणे बदलला. पुढे पहिल्या सर्व्हिसलाही मी तिच्याबरोबर गेले. मिस्त्रीने जुनं तेल पत्र्याच्या ट्रेमध्ये काढलं आणि उन्हात धरलं, तर त्यात चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक दिसली. इंजिनाचे नवे भाग एकमेकांवर घासून बसतात त्याची ती भुकटी, म्हणून पहिलं तेल लवकर बदलायचं. पुस्तकात ही सर्व्हिस जितक्या किलोमीटरला किंवा जितक्या दिवसांनी लिहिली असेल, त्यातलं जे आधी येईल तेव्हा करून घ्या. आणि तिथे गेलात की साडी गार्डचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यायला सांगा, कारण धक्क्यांनी नवे बोल्ट थोडे बसतात आणि सैल होतात. आमच्या नणंदेचे दोन झाले होते.