उतारावरच्या इमारतीला लेव्हल किती?

येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूचा एखादा प्लॉट हातात आला की ऑफिसात हमखास कुणीतरी म्हणतं, "जमीन उताराची आहे, लेव्हली जास्त लागणार." मग रिव्हिटची फाइल उघडावी, तर सेक्शनच्या कडेला ही गर्दी : प्लिंथ ए, प्लिंथ बी, पोर्च, लिफ्टचा पिट, जिन्याचं लँडिंग, टॉयलेटचा सन्कन स्लॅब. इमारत स्टिल्ट अधिक सात, लेव्हली पस्तीस!

अहो, लेव्हल म्हणजे मजला. जिचा अख्खा प्लॅन काढून मंजुरीला द्यायचा, ती लेव्हल. बाकी सगळे ऑफसेट. सन्कन स्लॅब २५० मिलिमीटर खाली आहे? त्या मजल्यापासून उणे २५० टाका, विषय संपला. स्वतंत्र लेव्हल केलीत, तर तिच्यावर बसवलेलं दार शेड्यूलमध्ये भलत्याच मजल्यावर मोजलं जातं. 'बिल्डिंग स्टोरी'ची खूण काढायची राहिली, तर आयएफसीत तोही मजला ठरतो. आणि वैतागून ती लेव्हलच पुसलीत, तर तिच्यावर बसलेलं सगळं सोबत जातं.

उतार खोटा नाही, हे मान्य. १:१० उतारावर ३० मीटर लांब इमारत म्हणजे दोन टोकांत ३ मीटरचा फरक, अख्खा एक मजला. ए विंगचा पहिला मजला तोच बी विंगचा तळमजला. लेव्हल मात्र एकच. विंगा दीड मीटरने वरखाली असतील, तेव्हाच ए आणि बी असे वेगळे संच करा. त्यातही प्लॅन नेहमीप्रमाणे १२०० मिलिमीटरवर कापलात, तर बी विंगच्या खालच्या मजल्यावर ती काप २.७ मीटरवर जाते, दारांच्या चौकटींच्याही वर; भिंती सलग दिसतात. प्लॅन रीजन त्यासाठीच असतो.

आता किरकोळ. 'आरएल दाखवायची म्हणून सगळं मॉडेल वर उचला' : नको, ती सर्व्हे पॉइंटला द्या, शून्य प्लिंथलाच राहू दे. 'उंची रस्त्यापासून मोजतात' : नॅशनल बिल्डिंग कोड, २०१६ नुसार इमारतीलगतच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून. 'उतार सपाट केला की झालं' : मॉडेलमध्ये होईल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्हीकडे लागू असलेली डिसेंबर २०२० ची यूडीसीपीआर १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर कापणी-भरणीलाच मनाई करते.