खाली माणूस आहे!

होळी झाली की गावोगाव विहिरींची कामे निघतात. यारी येते, बिऱ्हाडासकट मजूर येतात, नारळ फुटतो. पाणी किती हातांवर लागेल याची चर्चा पारावर रोज होते. खाली उतरणाऱ्या माणसाची मात्र फारशी होत नाही.

आपला काळा पाषाण तसा इमानी. दगा देतो तो वरचा कच्चा थर, काळी माती आणि सुटा मुरूम. काळी माती उन्हाने भेगाळते, वळवाचे पाणी त्या भेगांत शिरते आणि दुसऱ्या दिवशी दरड सुटते. त्यातच खोदलेला माल आपण काठावरच टाकतो. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या आसपास वजन! काठाला समांतर भेग दिसली की माणसे आधी वर घ्यावीत, मुकादम काहीही म्हणो. ढिगारा काठापासून निदान पाच फूट लांब हवा, खोल विहिरीला त्याहून जास्त. कच्च्या थराला टप्पे सोडावेत. जमीन थोडी जास्त अडते खरी.

छातीपर्यंत गाडलेला माणूस डोके वर असूनही गुदमरतो, कारण छाती फुलायला जागाच राहत नाही. त्याला दोराने ओढू नये. आधी छातीभोवतीची माती हाताने काढावी.

जुनी विहीर खोल करताना धोका वेगळा. तळाला जड, कोंदट हवा साचते. वडीलधारी माणसे कंदील सोडून पाहत. तो विझला तर उतरू नये हे खरेच. पण जळत राहिला म्हणून हवा चांगली, असे नव्हे. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल किंवा नुकता सुरुंग उडाला असेल, तर त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि कंदीलही विझत नाही. एक पडला म्हणून भाऊ उतरतो, भावामागे बाप. अशी एकाच घरातली माणसे गेलेली आहेत. कमरेला दोर आणि वर धरायला दोघे असल्याशिवाय कोणी उतरू नये.

सुरुंग परवानेवाल्यानेच लावावा. भोके मोजावीत, बारही मोजावेत. सात भरली आणि सहाच वाजले, तर त्या दिवशी खाली मजूर नको. न उडालेल्या भोकात पहार तर कधीच घालू नये.

आणि काम ठरवतानाच ढिगारा लांब टाकण्याची मजुरी त्यात धरा. नाहीतर तो वाद भर उन्हात काठावर होतो, आणि माती तिथेच पडते.