अर्ध्या पिंपातील परसबाग : पाणी तळात, भाजी वर

दुष्काळी पट्ट्यात फेब्रुवारी सरला की परसातील वाफे प्रथम ओस पडतात. पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते तेथे मेथी-कोथिंबिरीला पाणी कोण घालणार? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. माण, सांगोला, आटपाडी, आष्टी या तालुक्यांतील गावांना अशी टंचाई नवीन नाही. मात्र या दिवसांत घरातील ताटातून हिरवी भाजी नाहीशी होते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसासाठी रोज सुमारे १०० ग्रॅम पालेभाजीची शिफारस केली आहे. चार महिने ती मिळाली नाही तर त्याची झळ आधी लागते ती घरातील गरोदर बाईला व वाढत्या मुलांना.

अशा ठिकाणी तळात पाणी साठविणारे पिंप उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात अशा वाफ्यांना विकिंग बेड म्हणतात. नाव परके असले तरी तत्त्व आपल्या देवघरातीलच आहे. समईतील तेल खाली असते आणि वात ते वर ओढून घेते. येथे तेलाच्या जागी पाणी आणि वातीच्या जागी माती, एवढाच फरक.

पाणी वर कसे चढते?

मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढते. पोकळी जितकी बारीक तितके ते उंच चढते. म्हणूनच खडीच्या थरातून पाणी मुळीच वर येत नाही आणि जाड वाळूत जेमतेम काही सेंटिमीटर चढते. निव्वळ काळ्या चिकण मातीत ते बरेच उंच जाते, पण इतक्या सावकाश की उन्हाळ्यात झाडाची गरज भागत नाही. शिवाय काळी माती वाळली की आकसते, पिंपाच्या कडेपासून सुटते व तिला भेगा पडतात. यासाठी माती हलकी, सेंद्रिय खताने भरपूर अशी हवी आणि पाण्यावरील मातीचा थर ३० सें.मी. पेक्षा जाड नसावा.

बांधणी

२०० लिटरचे निळे प्लॅस्टिकचे पिंप मधोमध आडवे कापले असता सुमारे ५८ सें.मी. व्यासाची व ४४ सें.मी. उंचीची दोन टोपे मिळतात. पिंप खाद्यतेल, फळांचा रस अशा खाण्याच्या पदार्थाचेच असावे. कीटकनाशकाचे, आम्लाचे किंवा कशाचे होते ते माहीत नाही असे पिंप कितीही धुतले तरी वापरू नये. स्वस्त मिळते म्हणून असा मोह होतो, पण भाजी शेवटी पोटात जाणार आहे.

तळापासून १४ सें.मी. उंचीवर बाजूला बोटभर जाडीचे भोक पाडावे. जास्तीचे पाणी येथून निघून जाईल. हे भोक नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात माती चिखल होऊन मुळे कुजतील. अगदी तळाशी आणखी एक भोक पाडून त्याला लाकडी बूच घट्ट बसवावे. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

आता मातीचे पाय उभे करावेत. १५ सें.मी. व्यासाच्या प्लॅस्टिकच्या तीन जुन्या कुंड्यांना तापलेल्या सळईने सर्व बाजूंनी भोके पाडावीत. त्या १४ सें.मी. उंचीवर कापून घ्याव्यात, मातीच्या मिश्रणाने दाबून भराव्यात व पिंपाच्या तळाशी अंतर ठेवून मांडाव्यात. हीच आपली वात होय. तळाच्या साधारण पाचव्या हिश्शावर असे पाय असले म्हणजे पुरे. काही जण सुती चिंध्यांची वात लावतात, परंतु ओल्या मातीत सुती कापड काही महिन्यांत कुजते आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

कुंड्यांच्या भोवती १४ सें.मी. उंचीपर्यंत विटांचे किंवा कौलांचे तुकडे अथवा खडी भरावी. कडेला ४० ते ५० मि.मी. व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करावा. त्याचे खालचे टोक तिरपे कापलेले असावे, म्हणजे ते तळाला टेकून बंद होणार नाही. तुकड्यांवर शेडनेटची दुहेरी घडी अंथरावी व कुंड्यांच्या तोंडाशी ती कापून काढावी. वरची माती आणि पायातील माती यांचा संबंध तुटता कामा नये. संपूर्ण बांधणीत सर्वांत जपण्याची जागा हीच आहे.

मिश्रणासाठी दोन भाग पोयटा माती, दोन भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजविलेला नारळाचा भुसा घ्यावा. भुसा न मिळाल्यास चाळलेली बारीक वाळू चालेल. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. वरून तीन-चार सें.मी. जागा आच्छादनासाठी सोडावी.

भरलेले टोपे दीडशे किलोच्या पुढे जाते. त्यामुळे ते माळवदावर किंवा जुन्या पत्र्याच्या घरावर कदापि ठेवू नये. अंगणात, ओट्याजवळ, सकाळचे पाच-सहा तास ऊन व दुपारी सावली मिळेल अशी जागा उत्तम. उन्हाळ्यात पिंपाला बाहेरून चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावे, नाहीतर मुळे उकडतात.

पाणी देणे

पहिल्या वेळी पाणी पाइपातून न देता वरून झारीने द्यावे व बाजूच्या भोकातून वाहू लागेपर्यंत देत राहावे. पूर्ण कोरडी माती पाणी ओढून घेत नाही. ती एकदा भिजली की ओढ सुरू होते. बियांची उगवणही तळच्या पाण्यावर होत नाही, कारण वरचा दोन सें.मी. थर कोरडा राहतो. पेरणीनंतर किंवा रोप लावल्यानंतर दोन-तीन आठवडे वरून हलके पाणी द्यावे. मुळे खाली गेली की झारी बाजूला ठेवावी.

खडीच्या पोकळीत सुमारे १५ लिटर पाणी मावते. भरात आलेले पीक उन्हाळ्यात एका टोप्यातून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी घेते. म्हणजे पाच ते सात दिवसांतून एकदा एक मोठी बादली पुरते. वर पाचटाचे किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे पाच सें.मी. आच्छादन असेल तर आणखी एखादा दिवस निघतो. पाइपात कोरडी काडी घालून किती भिजते ते पाहावे. टाकी रिकामी झाल्यावर लगेच न भरता एक दिवस थांबावे. मुळांना हवा मिळते. मिरचीला तर हे आवश्यकच आहे. पाइपाच्या तोंडाला फडके बांधावे व बाजूच्या भोकावर जाळी बसवावी, कारण डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.

साबणाचे पाणी वापरू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, पण ते वरून द्यावे. टाकीत गेल्यास सडून वास येतो. युरियाही टाकीत टाकू नये. पाणी खालून वर चढते आणि क्षार वरच साचतात, विशेषतः विंधन विहिरीचे पाणी खारे असेल तर. मातीवर पांढरी पापडी दिसू लागली की तळाचे बूच काढून वरून दोन बादल्या पाणी सोडावे. टंचाईत हे जमले नाही तर पावसाळ्याच्या आरंभी बूच आठवडाभर काढून ठेवावे.

टाकीत पाणी असूनही झाडे सुकत असतील तर माती बोटभर उकरून पाहावी. माती कोरडी असेल तर पायातील माती खचून वात तुटली आहे असे समजावे व वरून भरपूर पाणी द्यावे. तेवढ्याने न भागल्यास पीक निघाल्यावर पाय पुन्हा भरावेत. माती ओली व आंबूस वासाची असेल तर बाजूचे भोक बुजले आहे; बूच काढून पाणी सोडावे.

काय लावावे?

उन्हाळ्यासाठी तांदुळजा, पालक, चुका व अंबाडी या भाज्या चांगल्या. मेथी व कोथिंबीर सावलीच्या बाजूस घ्यावी. वांग्याची दोन, मिरचीची तीन किंवा टोमॅटोचे एक झाड एका टोप्यास पुरे. आले, हळद व कांदा यांत लावू नये. सततच्या ओलीने गड्डे सडतात.

एका टोप्यातून एका कापणीला पालेभाजीच्या एक-दोन जुड्या निघतात. त्यावर चार-पाच माणसांचे घर रोज चालणार नाही. चार टोपी करून दर आठवड्याला एकात पेरणी केली तर आठवड्यातून एकदा घरची ताजी भाजी मिळत राहील. विहिरीला बारमाही पाणी असलेल्यांनी या खटाटोपात पडू नये. त्यांना जमिनीतील साधा वाफाच परवडतो. प्रत्येक कापणीनंतर दोन ओंजळी गांडूळखत मातीत मिसळून पुढील पेरणी करावी.