मठातले वीरगळ

जुने गोवे म्हटले की आपल्याकडची मंडळी बॉम जेझूत जातात, सेंट झेवियरच्या शवपेटीकडे लांबून पाहतात आणि जेवणासाठी पणजी गाठतात. रस्त्याच्या पलीकडे, से कॅथेड्रलच्या शेजारी, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आहे. त्याला लागूनच असलेल्या मठात १९६४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संग्रहालय उभारले. तिकडे मात्र फार थोडे वळतात.

या वास्तूला कॉन्व्हेंट म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने मुलींची इंग्रजी शाळा आठवते. इथे राहात ते फ्रान्सिस्कन साधू. १५१७ मध्ये ते गोव्यात आले. आजचे चर्च १६६१ चे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने सगळे धर्मसंघच मोडीत काढले आणि मठ ओस पडला.

आत शिरताच आफोंसो द आल्बुकेर्कचा भला थोरला ब्राँझ पुतळा दिसतो. विजापूरच्या आदिलशहाकडून १५१० मध्ये गोवा घेणारा तो हाच. पूर्वी तो पणजीत आजच्या आझाद मैदानातल्या मंडपात उभा होता. मुलगा पुतळ्यापाशी रेंगाळला. माझ्या सासूबाई मात्र सरळ दगडांकडे गेल्या. त्या धारवाडकडच्या, मराठी समजते पण मनापासून बोलतात कन्नड. एका दगडासमोर थांबून नातवाला हाक मारली, "इल्ली बा. वीरगल्लु नोडु. इंथाव नम्मूरागू अदाव."

आपण ज्याला वीरगळ म्हणतो तोच हा वीरगल्लु. शब्दातला 'गळ' म्हणजे कन्नड 'कल्लु', दगड. मराठीत तो इतका मुरला आहे की कुठून आला हे कुणी विचारत नाही. अज्जीने नातवाला तो वाचायला शिकवले, खालून वर. खाली लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. बाजूच्या सतीशिळेवर बांगड्या भरलेला हात कोरला होता. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

आपल्या गावांतल्या वीरगळांवर घोडेस्वार असतात, गाईगुरे असतात. इथल्या एका दगडावर चक्क नौका आहेत, वल्ही मारणारे आहेत. आरमारी लढाईच ती. हे दगड गोव्याच्या कदंबांच्या काळातले. त्यांची राजधानी आधी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, आणि नंतर गोपकपट्टण. स्वतःला ते पश्चिम समुद्राचे अधिपती म्हणवत, ते उगाच नव्हे. गोव्याच्या एसटीवर आपण 'कदंब' हे नाव वाचतो, ते याच घराण्याचे. आणि हे राजे आपल्याला परके नाहीत. खानापूर तालुक्यातले हलशी हे त्यांचे घाटावरचे ठाणे. कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर शिवचित्त कदंबाची राणी कमलादेवी हिने बांधवले. समुद्रावर लढणारे आणि घाटावर देवळे बांधणारे एकच राज्य होते. आज तेवढ्या प्रवासात आपण राज्याची सीमा ओलांडतो आणि पाट्यांच्या भाषेवरून भांडतो.

१५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. ज्या धर्मसत्तेच्या आशीर्वादाने ती पाडली तिच्याच एका मठात आज तिसवाडीसकट साऱ्या गोव्यातल्या मूर्ती छताखाली सुरक्षित आहेत. याला काय म्हणावे?

वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरी आहेत, साठच्या आसपास. ही चित्रमालिका १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोने सुरू केली. पुढे वेळोवेळी वरून रंग चढवल्यामुळे सगळे चेहरे एकाच घराण्यातले वाटू लागतात. खरे सांगायचे तर दहाव्या तसबिरीनंतर मला कंटाळा आला. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की सर्वेक्षणाची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात.

पुढच्या रविवारी मुलाने आमच्या गावच्या वेशीवरचा वीरगळ पाहायचा हट्ट धरला. अप्सरा ओळखल्या, लिंग ओळखले. त्यावर ऑइलपेंटचे दोन हात बसलेले, तरी चंद्र-सूर्य शाबूत होते. खालचा भाग मात्र पाराचा कट्टा बांधताना सिमेंटमध्ये गेला आहे. "अज्जी, लढाई कुठाय?" त्याने विचारले. कट्टा फोडल्याशिवाय ते आता कळणार नाही.